दोन फ्रिक्वेन्सीचा रोव्हर, दीड वर्ष वापरल्यावर

आधीच सांगतो, हा रोव्हर (पोलवर लावून सॅटेलाईटवरून सेंटीमीटरपर्यंत जागा मोजणारा जीपीएस) घ्या. पण डीलर ज्या कारणासाठी घ्या म्हणतो, त्या कारणासाठी घेऊ नका.

डीलर म्हणतो, "साहेब, एका वेळी तीस-बत्तीस सॅटेलाईट पकडतोय." पकडतो, खोटं नाही. पण ते बत्तीसही सिग्नल एकाच आभाळातून खाली येतात, आणि आपल्या भागातलं आभाळ सरळ नाही. हे मला मशीन घेऊन आठ महिने झाल्यावर, रात्री सव्वाआठला, दोन भावांच्या मधल्या बांधावर उभं राहून कळलं. ते पुढं सांगतो.

मी कोल्हापूर जिल्ह्यात खाजगी सर्व्हेची कामं करतो. पाईपलाईन, प्लॉट पाडणं, ठिबकचा आराखडा, भावाभावांची आपसातली वाटणी. कायदेशीर मोजणी भूमी अभिलेखचीच. आमचं काम त्याच्या अलीकडचं. साखळी ओढत शिकलो, नंतरची पंधरा वर्षं टोटल स्टेशन या दुर्बिणीच्या मोजणीयंत्रावर गेली. फेब्रुवारी 2024 मध्ये बेस (एका जागी ठेवायचा, रोव्हरला दुरुस्ती पाठवणारा जोडीदार) आणि रोव्हर असा जोड पावणेदोन लाखाला घेतला. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. एक तर पुढं तक्रार येणार आहे, आणि तसाही हाच डबा वेगवेगळ्या स्टिकरखाली विकला जातो.

डब्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वजन कमी, पाऊस झेलतो, पोलला लावला की मिनिटभरात सुरू. सोबतचा कार्बनचा पोल मात्र हलका आहे आणि त्याचा बबल (पोल सरळ उभा आहे का ते दाखवणारा बुडबुडा) पहिल्याच महिन्यात बिघडला. मी जुना ॲल्युमिनियमचा पोल वापरतो.

पैसे ज्यासाठी मोजायचे ती गोष्ट दुसरीच. हा रोव्हर एल1 आणि एल2 अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी ऐकतो. माझ्याकडचा जुना हातातला जीपीएस एकच ऐकायचा.

फरक काय ते कागदावर समजावण्यापेक्षा मी गच्चीवर करून बघितलं. गच्चीवर एक खिळा ठोकलाय, त्याचा नेमका पत्ता मला माहीत आहे. (त्यावर पूर्ण दिवसाचा कच्चा डेटा घेऊन कॅनडा सरकारच्या, नेमकी जागा काढून देणाऱ्या मोफत पीपीपी सेवेला पाठवला होता, उत्तर ईमेलने येतं आणि चांगलं येतं.) एप्रिल 2024 मध्ये त्याच खिळ्यावर रोव्हर चोवीस तास ठेवला. ती फाईल घेऊन आरटीकेलिब या जपानी माणसानं लिहिलेल्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलो. बेस नाही, काही नाही, नुसता एकटा रोव्हर. एकच फाईल, तीन प्रकारे सोडवली.

पहिल्यांदा आयनोस्फिअरची (वरच्या हवेतला विजेरी थर, त्यातून येताना सिग्नलला उशीर होतो) दुरुस्ती बंद ठेवली. पहाटे गच्ची होती त्याच उंचीवर, मीटर-दोन मीटर इकडंतिकडं. नऊ वाजल्यापासून घर वर चढायला लागलं. दुपारी दोनच्या सुमाराला आमचं घर सतरा मीटर वर होतं. संध्याकाळी हळूहळू उतरलं. बायकोला ग्राफ दाखवला तर ती म्हणाली, "मग पाण्याच्या टाकीचं प्रेशर का वाढत नाही?"

उंचीच का चुकते, याला कारण आहे. डोक्यावरच्या उपग्रहाचा किरण त्या थरातून सरळ उभा येतो, क्षितिजाजवळच्याचा तिरपा येतो, त्यामुळं त्याला थरात जास्त अंतर कापावं लागतं आणि तो जास्त उशिरा पोहोचतो. सगळ्यांचा सारखा उशीर रोव्हर स्वतःच्या घड्याळाच्या खात्यात टाकतो. जास्तीचा उशीर त्या खात्यात मावत नाही. मग गणित जुळवायला तो आपल्यालाच वर उचलतो.

दुसऱ्यांदा क्लोबुचर मॉडेल लावलं. जीपीएस वापरणाऱ्या प्रत्येकानं हे मॉडेल वापरलंय, नाव ऐकलेलं नसलं तरी. जॉन क्लोबुचर या अमेरिकन शास्त्रज्ञानं बसवलेलं. जीपीएसचे उपग्रह आपल्या संदेशात आठ आकडे पाठवतात, आणि त्या आठ आकड्यांवरून कुठल्याही ठिकाणचा, कुठल्याही वेळचा उशीर काढायचा. आकार अगदी साधा: रात्रभर सपाट रेघ, 5 नॅनोसेकंद, म्हणजे दीड मीटर, दिवसा एक टेकडी, तिचा माथा स्थानिक वेळेच्या दुपारी दोनला. सगळा थर 350 किलोमीटर उंचीवरचा पातळ पापुद्रा आहे असं धरायचं. आठ आकड्यांत जगाचं आभाळ बसवायचं म्हटल्यावर काटकसर आलीच. साधारण निम्मी चूक जाते, असं त्याच्याबद्दल सांगतात. माझ्या गच्चीवर सतराचे साडेपाच-सहा मीटर झाले. म्हणजे निम्म्याहून बरंच.

तिसऱ्यांदा दोन्ही फ्रिक्वेन्सी वापरल्या. दिवसभर रेघ दीड मीटरच्या आतबाहेर, दुपारचा चढ गायब. रेघ जरा खरखरीत दिसते, कारण दोन मोजमापांची वजाबाकी करताना दोन्हीतला बारीक गोंधळ मोठा होतो. पण टेकडी गेली.

हे कसं होतं? एकाच पाणंदीनं दोन बैलगाड्या आल्या, एक रिकामी, एक उसानं भरलेली. दोघी एकदमच सुटल्या होत्या. भरलेली किती मागं राहिली एवढं कळलं की पाणंदीत चिखल किती होता ते काढता येतं, पाणंद बघायची गरज नाही. एल1 आहे 1575.42 मेगाहर्ट्झ, एल2 1227.60. उशीर फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात, म्हणून एल2 ला एल1 च्या 1.65 पट उशीर होतो. दोन्हीतला फरक घ्या, चिखल मोजा, वजा करा. मॉडेल लागत नाही, सूर्यावर काय चाललंय हे विचारायला लागत नाही.

चिखल म्हणजे तिथले सुटे इलेक्ट्रॉन. सूर्याची अतिनील किरणं वरच्या हवेतून ते सोडवतात. मोजायचं एककही आहे, टीईसी युनिट: एका चौरस मीटरच्या उभ्या खांबात 1 वर 16 शून्यं एवढे इलेक्ट्रॉन. एका युनिटला एल1 वर 16 सेंटीमीटरचा उशीर. सौरचक्र, म्हणजे सूर्याच्या तेजी-मंदीचा फेरा, कमाल असताना आपल्याकडं दुपारी हा आकडा शंभराच्या घरात जाऊ शकतो. करा गुणाकार. मी मशीन घेतलं ते नेमकं सूर्य तापलेल्या वर्षी. पंचविसावं सौरचक्र 2024 मध्ये कमाल अवस्थेत होतं. मे 2024 च्या मोठ्या सौर वादळात अमेरिकेत पेरणीच्या ऐन हंगामात जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबले, लडाखमध्ये हानले गावावर आभाळ लाल झालं. मी त्या शनिवारी चुलतभावाच्या लग्नात वाढपी होतो, त्यामुळं माझं मशीन कपाटात सुरक्षित.

आता ऑक्टोबरची गोष्ट.

कोजागिरीनंतरचा शनिवार. पन्हाळ्याच्या बाजूला दोन भावांची सव्वा एकराची वाटणी. धाकटा पुण्याहून यायचा होता, त्याची गाडी उशिरा आली, आणि रविवारी दुपारी तो परत जाणार. दगड आजच बसवा म्हणून दोघांचा आग्रह. चांदणं पडलेलं, आभाळात ढगाचा ठिपका नाही. बेस माझ्या ऑफिसच्या गच्चीवर, 11 किलोमीटरवर, मोबाईलच्या इंटरनेटवरून जोडलेला. पहिले दोन दगड साडेसातपर्यंत बसले. तिसऱ्याला स्क्रीनवर फिक्सचा फ्लोट झाला (फिक्स म्हणजे सेंटीमीटरची खात्री, फ्लोट म्हणजे अजून अंदाजच). परत फिक्स. परत फ्लोट. सॅटेलाईटची संख्या एकतीसवरून एकोणीस, मग सव्वीस. मी पोल हलवला, अँटेना पुसली, पोराला ओरडलो की फोन नीट धर. सव्वाआठला हिरव्या अक्षरांत फिक्स आलं, खाली अचूकता 12 मिलिमीटर. पोलचा बबल मधोमध. खुणेवर खिळा मारला, गड्यांनी दगड पुरला. चौथा दगड नऊ वाजता.

सकाळी सातला, सवयीनं, तपासणीला गेलो. चारपैकी तीन दगड दोन सेंटीमीटरच्या आत. तिसरा 38 सेंटीमीटर थोरल्याच्या शेतात घुसलेला.

त्यांचे वडील बांधावर काठी टेकून उभे होते. म्हणाले, "माझ्या बानं दोरीनं घातलेला बांध चाळीस वर्सं हलला न्हाई. तुमचा एका रातीत हलला व्हय?"

काय बोलणार? पुन्हा मोजलं, अर्ध्या तासानं पुन्हा मोजलं, दगड उपटून हलवला. त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत.

डीलरला फोन केला. "सर, फिक्स होतं ना? मग पोल तिरका झाला असंल." फाईल पाठवतो म्हटलं, तर फर्मवेअर अपडेट करा म्हणाला. केलं. काही फरक पडणार नव्हता, पडला नाही. माझी तक्रार मशीनपेक्षा या उत्तराबद्दल जास्त आहे. ब्रोशरवर "24 तास, कुठेही, 1 सेंटीमीटर" असं छापायचं आणि कोल्हापुरात विकायचं, तर विकणाऱ्याला कोल्हापूरचं आभाळ माहीत पाहिजे.

ते मग मीच शिकलो. त्यातलं सगळ्यात डोळे उघडणारं गणित हे: दक्षिणेला क्षितिजापासून वीस अंशावर असलेला उपग्रह मला माझ्या शेतातून दिसतो, पण त्याचा किरण 350 किलोमीटर उंचीचा थर कुठं भेदतो? सातएक अंश दक्षिणेला, म्हणजे कोचीच्या अंगाला. वायव्येचा तेवढ्याच उंचीवरचा उपग्रह घ्या, त्याचा किरण पोरबंदरच्या वर थर भेदतो. मी एका बांधावर उभा, पण मोजतोय पोरबंदर ते कोची एवढ्या आभाळातून. आणि त्या दोन टोकांचं आभाळ सारखं नाही. चुंबकीय विषुववृत्त केरळच्या टोकाजवळून जातं. 1963 मध्ये पहिलं रॉकेट सोडायला थुंबा निवडलं ते त्याचमुळं. दिवसा तिथले इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना उतरतात. उत्तरेकडचा ढीग गुजरात-मध्य प्रदेशच्या पट्ट्यावर साचतो. आम्ही त्या ढिगाच्या उतारावर. क्लोबुचरच्या एका टेकडीत हा उतार कुठून येणार?

गुऱ्हाळ बघितलेल्याला पुढचं सांगायला नको. काहिलीत रस तापला की मधून वर चढतो आणि कडेला उतरतो, तो झाला दिवसाचा प्रकार. सूर्य मावळल्यावर थराची खालची बाजू लगेच विरळ होते, वरची दाटच राहते. जड वर, हलकं खाली. मग काहिलीच्या तळातून बुडबुडे यावेत तसे विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर उसळतात, उत्तर-दक्षिण शेकडो किलोमीटर लांब पट्टे होऊन. यांनाही बबलच म्हणतात. पोलवरचा बबल मधोमध आहे की नाही एवढंच आम्ही आयुष्यभर बघत आलो. वरच्या बबलची कुणी वाच्यता केली नव्हती. त्याच्या काठावरून सिग्नल आला की थरथरतो, तारा लुकलुकावा तसा. रिसीव्हरची पकड सुटते. एकतीसचे एकोणीस होतात ते असे. आपल्याकडं याचा जोर मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, सूर्यास्तानंतर तासाभरानं सुरू, मध्यरात्रीपर्यंत. सौरचक्र चढलेलं असलं की जास्त. मी नेमका त्यात उभा होतो. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेची माणसं वर्षानुवर्षं याच वरच्या हवेवर नजर ठेवून आहेत, आणि मी त्या रस्त्यानं रोज जातो.

मग दोन फ्रिक्वेन्सी असून दगड का चुकला? कारण सेंटीमीटरचं काम वेगळ्या तऱ्हेनं चालतं. तिथं सिग्नलच्या लहरी मोजायच्या असतात, आणि पूर्ण लहरी किती झाल्या तो आकडा रोव्हरला ओळखावा लागतो. एल1 ची लहर 19 सेंटीमीटरची, एल2 ची 24 ची. दोन्हींच्या फरकातून 86 सेंटीमीटरची एक मोठी लहर तयार करता येते, त्यामुळं ओळखणं सोपं जातं. दोन फ्रिक्वेन्सीचा इथंही फायदा आहेच. पण सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा: बेस आणि रोव्हर एकाच आभाळातून बघतायत, म्हणून बेसची चूक रोव्हरमधून वजा केली की संपलं. शांत आभाळात हा फरक किलोमीटरला एखादा मिलिमीटर, म्हणजे 11 किलोमीटरला सेंटीमीटरभर. ढिगाच्या उतारावर, बुडबुड्यांच्या रात्री, तोच किलोमीटरला दहा मिलिमीटर आणि वर जातो. 11 सेंटीमीटरची गडबड घुसल्यावर 19 सेंटीमीटरच्या लहरी मोजताना एक-दोन इकडंतिकडं होणारच. आणि रोव्हर चुकीचा आकडा पकडतो तेव्हाही स्क्रीनवर अक्षरं हिरवीच असतात. 38 म्हणजे 19 दुणे. एवढं सरळ गणित नसतं, बरेच उपग्रह मिसळलेले असतात, पण त्या सकाळी तो आकडा बघून मी खाली बसलो होतो.

सेटिंगबद्दल, कारण कंपनी जशी देते तशी आपल्याला चालत नाहीत. मास्क अँगल (क्षितिजापासून किती अंशांच्या खालचे सॅटेलाईट सोडून द्यायचे तो कोन) 10 होता, मी 15 केला, संध्याकाळी 20. खालचे तिरपे किरण गेले तर सॅटेलाईट चार-पाच कमी होतात, होऊ देत. फिक्स मान्य करायची रेशोची अट (पहिलं उत्तर दुसऱ्यापेक्षा किती पट सरस हवं) 2 वर होती, ती 3 केली. "फिक्स अँड होल्ड" बंद, कारण चुकीचं फिक्स एकदा धरलं की ते तसंच धरून बसतं. आणि हद्दीचा प्रत्येक बिंदू दोनदा: रोव्हरचं कनेक्शन पूर्ण तोडून, पुन्हा फिक्स घेऊन, मध्ये वीस मिनिटांचं तरी अंतर. पोराला हे फार कंटाळवाणं वाटतं. बेस आता गच्चीवर ठेवत नाही, शेतावर नेतो. बेसलाईन, म्हणजे बेस ते रोव्हर अंतर, दोन किलोमीटरच्या आत.

बेस न्यायचा नसेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचं कॉर्सचं, म्हणजे कायम चालू असलेल्या बेसचं, जाळं आहे, महाराष्ट्रात 77 ठाणी. ती आजूबाजूची ठाणी मिळून आयनोस्फिअरचा उतार किती आहे हे सतत काढत असतात आणि जणू तुमच्या शेजारीच बेस ठेवलाय अशी दुरुस्ती पाठवतात. माझा स्वतःचा अनुभव दिवसा उत्तम. हा रोव्हर त्याला विनातक्रार जोडला जातो, फक्त ॲपमध्ये माउंट पॉईंट (दुरुस्ती कुठून घ्यायची ते) निवडायची जागा तीन मेनूंच्या आत लपवलीय.

गगनचंही सांगायला हवं, कारण डबा ते पकडतो आणि कुणी वापरत नाही. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची सेवा, मुळात विमानांसाठी. 2015 पासून विमानं धावपट्टीकडं उतरताना उंचीसाठीही तिच्यावर भिस्त ठेवू शकतात. सेंटीमीटर मागू नका, ते तिचं कामच नाही. पण ती आठ आकड्यांवर भागवत नाही. देशभरातल्या 15 संदर्भ ठाण्यांवरून आभाळ मोजते आणि पाच-पाच अंशांच्या जाळीच्या प्रत्येक गाठीवर उशीर किती ते भूस्थिर उपग्रहावरून सांगत राहते. कोल्हापूर ज्या चौकोनात पडतं त्याच्या दोन गाठी अरबी समुद्रात, एक धारवाडजवळ, एक कन्नड-चाळीसगावच्या अंगाला. गच्चीवरच्या खिळ्यावर गगन लावून बघितलं तर दुपारचा चढ जवळजवळ सपाट झाला, दीड-दोन मीटरच्या आत, आणि तेही एकाच फ्रिक्वेन्सीवर, इंटरनेटशिवाय, फुकट. विहिरी, बोअर, झाडं मांडायला मी आता तेच वापरतो. मोबाईलला रेंज नसलेल्या दाजीपूरच्या बाजूला तर दुसरा पर्याय नाही.

तर पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण पोलचा गेला, एक डीलरचा. मशीनला मी पूर्ण गुण देतो. एल1-एल5 चा प्रकार मिळत असेल आणि चार-पाच हजारांचा फरक असेल तर तो बघा, एल5 चा सिग्नल नवा आहे आणि आपल्या देशाची नाविक ही उपग्रह प्रणालीही तिथंच बोलते. एकाच फ्रिक्वेन्सीचा स्वस्त जोड मात्र कुणी साठ हजारांत देत असेल तरी घेऊ नका, निदान आपल्या अक्षांशावर नको.

बॅटरी आठ तास म्हणतात, साडेसहा चालते. चार्जर वेगळा मागून घ्या. येत्या सप्टेंबर-ऑक्टोबरात घेणार असाल तर डीलरला डेमो संध्याकाळी साडेसातला द्यायला सांगा, उघड्या माळावर, बेस दहा किलोमीटर लांब ठेवून. दुपारी बाराच्या डेमोत सगळीच मशीनं चांगली. मी माझ्या कोटेशनच्या खाली आता एक ओळ छापून घेतलीय: दिवेलागणीनंतर हद्दीचे दगड बसवले जाणार नाहीत. गिऱ्हाईक विचारतात, अंधारात दिसत नाही म्हणून का? मी हो म्हणतो.

तिसरा दगड सकाळच्या जागेवर पक्का आहे, मध्ये दोनदा जाऊन बघून आलो. रात्रीचा खड्डा थोरल्याच्या हद्दीत पडतो. त्यात त्यानं शेवगा लावलाय.